मोडलेल्या भाकऱ्यांची बैठक

दिनांक १२ फेब्रुवारी १९८६, बुधवार. ठिकाण : आळंद, अक्कांच्या घरची ओसरी. वेळ : सकाळी अकरा.
हजर : अक्का, त्यांची धाकटी जाऊ, गुलबर्ग्याचे दुकानदार अण्णा, मी.
न बोलावता आलेल्या : मावशी.
विषय : मोडलेल्या भाकऱ्या.

वहीतलं हे पान जसंच्या तसं उतरवलं आहे. मावशींची ओळ वेगळ्या शाईत आहे. ती मागाहून लिहिलेली आहे. का, ते पुढे येईलच.

आम्ही चौघी मिळून कडक भाकऱ्या करून विकत होतो. अक्का सगळ्यांत मोठ्या, घर त्यांचं, चूल त्यांची. त्यांच्या जावेला सगळे धाकटी म्हणत. मी सकाळी बालवाडीत शिकवायची आणि दुपारी इथे यायची. चौथ्या मावशी, माझ्याच गल्लीतल्या, वयाने साठीच्या पुढच्या, मागे-पुढे कुणी नसलेल्या. अक्कांच्या ओसरीवर आम्ही आमच्या गल्लीतल्या दोघी पहिल्यांदा जाऊन बसलो तेव्हा चार घरांत कुजबुज झाली. अक्कांनी ती ऐकली आणि म्हणाल्या, "बोलू द्या, पीठ मळा." तिसऱ्या आठवड्याला कुजबुज थांबली. टोपलीत भाकरी गेली की ती कुणाच्या घरच्या हातची, हे खाणाऱ्याला कळत नाही. आमच्या धंद्यातली ही मला आवडणारी गोष्ट होती.

आम्हाला मात्र कळायचं. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून, पातळ थापून, तव्यावर भाजून मग निखाऱ्यांपाशी उभी करून वाळवली की भाकरी महिनाभर टिकते. थापतानाच प्रत्येकीने काठाला नखाची खूण करायची असं मी ठरवून दिलं होतं. अक्कांची एक, धाकटीच्या दोन, माझ्या तीन. मावशींना खूण लागत नव्हती. त्यांची भाकरी उजेडात धरली तर पलीकडची बोटं दिसायची.

दर आठवड्याला दोन टोपल्या गुलबर्ग्याच्या बसच्या टपावर चढायच्या. तिकडे बसस्टँडजवळ अण्णांचं दुकान आणि त्याला लागून खानावळ. अण्णा तिथे टोपल्या उतरवून मोजायचे, आणि शाबूत भाकऱ्यांचेच पैसे द्यायचे. मोडलेल्या पुढच्या बसने परत. रस्ता तसा, टप तसा, कंडक्टर वरून बोचकी फेकणारा तसाच. दर खेपेला तुकड्यांची एक पिशवी परत यायची आणि आम्ही निमूट घ्यायचो.

जानेवारीत अण्णा पहिल्यांदा स्वतः बोलायला आले. त्या बैठकीची नोंद वहीत आहे, पण तिच्यात आमचं हसं होण्यासारखं बरंच आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग ख्यालीखुशाली, मग ताट. कामाचं बोलणं हात धुतल्यावर. अण्णा ओसरीवर टेकले आणि विचारू लागले. अक्का, लेकीचं बाळंतपण झालं का? झालं, अक्का म्हणाल्या, आणि ती दोन महिने इथेच राहणार असल्यामुळे हाताला सवड नाही हेही सांगून टाकलं. ज्वारी कशी पडली? नवी अजून यायची आहे, जुन्याची दोनच पोती उरली आहेत. दुसरं कुणी गिऱ्हाईक धरलं की न्हाई? कुठलं हो, तुमच्यावरच सगळं. दहा मिनिटांत अण्णांना आमच्या घरातलं सगळं माहीत झालं आणि आम्हाला अण्णांचं काहीच नाही. कारण आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

मग ताट आलं. शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही, आणि परत आलेल्या पिशवीतलेच तुकडे दह्यात कालवून. अक्का अभिमानाने म्हणाल्या, "आमच्याकडं तुकडा वाया जात न्हाई बगा अण्णा. पोरं दह्यात कालवून पोटभर खातात."

अण्णा घास गिळून म्हणाले, "मग मी परत पाठवतो त्याचं वाईट कामून वाटायलंय? कामालाच येतेत की."

ज्यासाठी बसलो होतो तो विषय वाटीतल्या दह्याबरोबर संपला. तरी इथवर निभावलं असतं. पुढची चूक माझी.

अण्णांनी हात धुतले आणि सहज विचारलं, "कुणाच्या हातच्या जास्त मोडायल्यात म्हणं?"

मला याचं उत्तर ठाऊक होतं. मी महिनाभर परत आलेले तुकडे खुणा पाहून वेगळे केले होते, आणि वहीत रकाने पाडून ठेवले होते. कुणी विचारलं आणि माझ्या वहीत ते आहे, असं झालं की मला राहवत नाही. मी पान उलटलं आणि वाचून दाखवलं. निम्म्याहून जास्त मोडतोड मावशींच्या भाकऱ्यांची.

मावशी चुलीजवळ होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

"मग झालं," अण्णा म्हणाले. "म्हातारीला बसवा घरी. न्हाईतर जाड थापा म्हणावं. उमरग्याकडच्या बाया बोटभर जाड करतेत, एक मोडत न्हाई. पुढच्या महिन्यात येतो, काय ते ठरवून ठेवा."

मावशींना जाड थापता येत नव्हतं. आम्ही सांगून पाहिलं. त्या मान हलवायच्या, गोळा मोठा घ्यायच्या आणि हात फिरला की भाकरी पुन्हा तशीच कागदासारखी. "हाताला सांगून बगितलं ग," त्या मला म्हणाल्या, "ऐकत न्हाई." त्यांचं पोट या कामावर होतं हे खरंच, पण तेवढंच नव्हतं. या ओसरीवर दुपारी चार बायकांत बसायला मिळणं, ही त्यांची दिवसातली एकमेव जागा होती. ती माझ्या रकान्यांनी जायची वेळ आणली होती.

मी वही घेतली आणि पुढच्या बैठकीची तयारी लिहून काढली. एक : कामाचं बोलणं होईपर्यंत ताट नाही. दोन : आपल्या घरचं काही सांगायचं नाही. तीन : बोलायचं एकीनेच, म्हणजे मी. चार : अण्णा अक्कांशी कानडीत बोलायला लागले तरी उत्तर मराठीत, म्हणजे सगळ्यांना कळेल. पाच : टोपलीची मोजणी आळंदच्या बसस्टँडवर, टपावर चढवायच्या आधी, पुढची जबाबदारी त्यांची.

पहिल्या कलमावर अक्का उठूनच उभ्या राहिल्या. "पाहुण्याला उपाशी बसवू? माझ्या दारात? गुलबर्ग्याहून येणार ते, सकाळच्या बसनं!"

"चहा देऊ की, अक्का."

"चहा म्हणजे काय ताट हाय का?"

शेवटी ताट झाकून ठेवायचं आणि विषय संपला की वाढायचं, यावर त्या कशाबशा कबूल झाल्या. मग आम्ही तालीम केली. धाकटीने खांद्यावर नवऱ्याचा टॉवेल टाकला, पोट पुढे काढलं आणि अण्णांसारखी खाकरत ओसरीवर चढली.

"काय अक्का, तब्बेत कशी हाय?"

"बरी हाय," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"लेक गेली का सासरी?"

"कुठली जायलीय! जावयाला सुट्टीच न्हाई, अन् बाळ रात्रभर..."

"अक्का!" मी ओरडले.

"अग, विचारलं तर सांगू नको व्हय? माणूस हाय का दगड?"

धाकटी टॉवेल तोंडाला लावून हसत होती. "अक्का, तुम्ही तर मलाच सगळं सांगायलाव. मी तर रोज घरात असते!"

तीनदा तालीम घेतली. तिसऱ्या वेळेला अक्का "बरी हाय" म्हणून गप्प बसल्या, पण त्यांचा चेहरा असा झाला की कुणी पाहिलं तर वाटावं घरात काही वाईट घडलंय.

सहावं कलम मी तालमीनंतर, घरी लिहिलं. कुणाला दाखवलं नाही. सहा : मावशींना बोलवायचं नाही. माझा विचार सरळ होता. त्या समोर असल्या तर अण्णांनी एकदा "म्हातारी" म्हटलं की त्या स्वतःच उठून म्हणतील, राहू द्या बाई, माझ्यामुळं तुमचं कशाला नुकसान. मग आमचं बोलणंच संपलं. ज्या माणसासाठी भांडायचं, ते माणूसच समोर नको. मला हे तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

बुधवारी मी बालवाडी लवकर सोडून आले. अण्णा आले. पाणी झालं. "काय अक्का, तब्बेत कशी हाय?"

"बरी हाय."

"लेक?"

"बरी हाय."

अण्णांनी एकदा अक्कांकडे, एकदा धाकटीकडे पाहिलं. धाकटी जमिनीकडे बघत होती, हसू दाबायला. अण्णा कानडीत काहीतरी म्हणाले, घरात काही झालंय का, अशा अर्थाचं. अक्कांनी ओठ घट्ट मिटले, आणि मग मराठीत म्हणाल्या, "काही न्हाई. ह्यांच्याशी बोला." बोट माझ्याकडे.

"वा," अण्णा म्हणाले, "सेक्रेटरीबाईनं सगळ्यास्नी शिकवून ठेवलंय वाटतं. बोला सेक्रेटरी. म्हातारीचं काय ठरलं?"

मी मोजणीचा विषय काढला. अण्णा म्हणाले, मोजणी आजवर गुलबर्ग्यात होत आली. मी म्हटलं, बस तुमच्या गावची, दुकान तुमचं, रस्त्यात मोडलं तर आमच्या हाताचा काय दोष. ते म्हणाले, उमरग्याच्या मोडत न्हाईत. मी म्हटलं, त्या जाड असतात. ते म्हणाले, तेच तर सांगायलोय. असं दोनदा फिरून आम्ही जिथल्या तिथे. मी वहीत पाहत होते आणि वहीत पुढचं वाक्य नव्हतं.

तेवढ्यात दारात मावशी. हातात टोपली, डोक्यावर पदर. आत आल्या, अण्णांना हात जोडले, आणि माझ्याजवळ बसून हळूच म्हणाल्या, "बैठक हाय म्हणं आज. गल्लीतल्या पोरानं सांगितलं. मला निरोप आला न्हाई. तू कशी इसरलीस ग? तू तर कधी काही इसरत न्हाईस."

मी वहीचं पान उलटलं. त्यांना खरं काय ते माझ्या तोंडावर वाचता आलं असतं, पण त्यांचं लक्ष अण्णांकडे होतं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "पाहुणे सकाळपासून उपाशी बसलेत की. ताट कुठं हाय?"

मी "मावशी, जरा थांबा" म्हणेपर्यंत अक्का झाकलेलं ताट घेऊन बाहेर आल्या होत्या. इतक्या आनंदाने मी त्यांना त्या दिवशी दुसरं काही करताना पाहिलं नाही. चटणी, दही, आणि यावेळी तुकडे नाहीत, आख्ख्या भाकऱ्यांची चळत. चौघींच्या हातच्या, मिसळून. अण्णांनी हात धुतले. माझं पहिलं कलम गेलं, तिसरं गेलं, सहावं तर समोरच बसलं होतं. मी वही मिटली.

वही मिटल्यामुळेच मला दिसलं. अण्णा बोलत होते, उमरग्याचं कौतुक चालूच होतं, आणि हात चळतीवर फिरत होता. वरची भाकरी बाजूला सारायचे, खालची काढायचे. पुन्हा एक बाजूला, पुन्हा खालची. बघतही नव्हते. बोटांनीच जाडी ओळखत होते. मी बाजूला पडलेल्या भाकऱ्यांचे काठ पाहिले. एक खूण. तीन खुणा. दोन. एक. सगळ्या आमच्या तिघींच्या. मावशींची त्यांत एकही नव्हती. त्या सगळ्या मोडून चटणीला लागत होत्या.

यावेळी मी सांगितलं नाही. विचारलं.

"अण्णा, खानावळीत गिऱ्हाईक कोणती मागतं?"

"कोणती म्हणजे? भाकरी मागतेत."

"जाड का पातळ?"

अण्णांनी घास तोंडात घातला. मी गप्प राहिले. धाकटी काहीतरी बोलणार होती, मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ओसरीवर फक्त भाकरी चावल्याचा आवाज. मावशींची भाकरी तोंडात पापडासारखी वाजते, तोच आवाज.

"पातळच मागतेत," अण्णा शेवटी म्हणाले. "पातळ संपली की मग जाड."

"ही तुमच्या हातातली कुणाच्या हातची, ठाऊक हाय?"

त्यांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मी बाजूच्या भाकऱ्या एकेक उचलून काठाच्या खुणा दाखवल्या. ही अक्कांची, ही धाकटीची, ही माझी. तुम्ही सारल्या त्या या. मग मावशींकडे पाहिलं. बाकी काही सांगावं लागलं नाही.

मावशी मला ओळखू येणार नाहीत इतक्या लाजल्या. पदर तोंडावर घेतला. "राहू द्या हो," त्या पदरातून म्हणाल्या, "मोडत्यात तर मोडत्यातच की. माझ्यामुळं कशाला..." मी ज्याला भ्यायले होते तेच वाक्य. पण आता ते उलटं पडलं. अण्णा हसायला लागले.

"मावशी, तुम्ही गप बसा. या सेक्रेटरीनं मला ताटावर धरलंय." मग माझ्याकडे वळून, "खुणा करतेत म्हणं! टोपलीभर खुणा अन् मला पत्ता न्हाई."

पुढचं बोलणं लवकर झालं. मोजणी आळंदला, बसच्या टपावर चढायच्या आधी. मावशींच्या भाकऱ्यांची टोपली वेगळी, भाकऱ्या आडव्या न रचता काठावर उभ्या, मधे जुन्या सुती कापडाच्या घड्या. ही युक्ती मावशींचीच. त्या म्हणाल्या, "आडव्या ठेवल्या की वरचीचं वजन खालचीवर. उभ्या ठेवल्या की जिचं वजन तिच्यावर." इतके महिने आम्हाला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "कुणी विचारलं न्हाई की." हे वाक्य मी वहीत स्वतंत्र ओळीवर लिहून ठेवलं आहे.

"अन् तरी मोडल्या तर?" अण्णांनी जाता जाता शेवटचा डाव टाकला.

उत्तर अक्कांनी दिलं, अगदी गोड आवाजात. "तिकडंच ठेवा अण्णा. दह्यात कालवून गिऱ्हाइकाला द्या. तुकडा कशाला वाया घालवता?"

अण्णा उंबऱ्यातच थांबले, अक्कांकडे बघितलं आणि मोठ्याने हसत बाहेर पडले. धाकटीने त्यांच्या पाठीमागे टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्यासारखी चाल करून दाखवली. तुकड्यांची पिशवी त्यानंतर परत आली नाही.

त्या बैठकीतून मी काय शिकले, असं मला आता बचतगटातल्या बायका विचारतात, आणि मी त्यांना नीट सांगते. आपल्या अडचणी समोरच्याला आपणहून मोजून देऊ नका. विचारलं म्हणून सगळं सांगू नका, उलट तुम्हीही विचारा. विचारल्यावर थांबा, उत्तराची जागा मोकळी ठेवा. त्याच्या तोंडाकडे बघता तसं हाताकडेही बघा. हे सगळं खरं आहे. पण पाहुण्याला उपाशी बसवा, असं मी कुणाला सांगत नाही. अण्णांचं पोट रिकामं ठेवलं असतं तर आम्ही हरलो असतो. आणि मावशींना बाहेर ठेवलं असतं, तर नक्कीच.

अण्णा गेल्यावर मावशी ओसरीवरच रेंगाळल्या. मी वही लिहीत होते. त्या शेजारी येऊन बसल्या आणि कागदाकडे बघू लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"माझी हजेरी लिवलीस न्हवं?"

"लिहिली."

"वाच बघू."

समोरच्याच पानावर सहावं कलम होतं, माझ्याच अक्षरात. मी त्याच्यावर हात ठेवला आणि वाचून दाखवलं, "हजर : अक्का, धाकटी, अण्णा, मावशी, मी." कागदावर तसं नव्हतं. त्या समाधानाने घरी गेल्या. मग मी दुसऱ्या पेनने ती ओळ लिहिली, न बोलावता आलेल्या. निदान कागदावर तरी खोटं नको म्हणून.

माझे वडील आमच्या गल्लीत बुद्धविहार झाल्यापासून तिथल्या बैठकांची वही ठेवायचे. ते म्हणायचे, आजवर आपलं कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून आपण ठेवायचं, आणि लिहायचं ते जसं घडलं तसं. ती सवय मला त्यांच्याकडून आली. वर्ष संपलं की मी नवी वही करते आणि जुन्या वहीतली राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवते. छपराचे पत्रे, धाकटीच्या मुलीचा दाखला, ज्वारी दळायच्या गिरणीवाल्याशी बोलणं. बहुतेक कामांवर मार्चपर्यंत रेघ बसते.

एक काम आता चौथ्यांदा उतरवलं आहे. मावशी अजून येतात. डोळ्यांना कमी दिसतं, पण भाकरी तशीच, पलीकडची बोटं दिसणारी. परवाच पीठ मळताना कुणाला तरी सांगत होत्या, "ही आमची वहीवाली, आयुष्यात एकदाच काय ते इसरली, ते बी मलाच," आणि हसत होत्या. मी परातीत पाणी ओतत होते. म्हणता आलं असतं. ओसरीवर आम्ही तिघीच होतो.

यंदाच्या वहीचं पहिलं पान, ओळ पहिली : मावशींना सांगणे, विसरले नव्हते.